नववीच्या वर्गात मॅकबेथ: आधी उभं राहायचं, मग वाचायचं

शाळेत शेक्सपिअर शिकवण्याची एक ठरलेली रीत आहे. शिक्षक ओळ वाचतात, मराठीत अर्थ सांगतात, मुलं वहीत उतरवून घेतात आणि शेवटी गाइडमधला सारांश पाठ होतो. एवढं करून मुलांना गोष्ट कळते, पण नाटक वहीतच राहतं. सिंधुदुर्गातल्या वर्गात तर मला याची फार हळहळ वाटते, कारण इथल्या मुलांना नाटक म्हणजे काय ते समजावून सांगायची गरजच नसते. कार्तिकानंतरच्या जत्रांत त्यांनी रात्र रात्र जागून दशावतार पाहिलेला असतो. बाकड्याचं सिंहासन होतं, कथानक ठरलं की नट संवाद जागेवरच रचतात, बाईचं काम पुरुष करतो, हे सगळं त्यांच्या अंगवळणी पडलेलं असतं. शेक्सपिअरच्या लंडनमध्येही ग्लोबसारख्या उघड्या नाट्यगृहात भर दुपारी, जवळजवळ नेपथ्याशिवाय खेळ व्हायचे आणि बायकांच्या भूमिका मुलगे करायचे. उरते ती भाषा, आणि ती तोंडानेच येते.

सुरुवात मॅकबेथने करावी. १६०६ च्या सुमारास लिहिलेलं आणि १६२३ च्या पहिल्या छापील संग्रहात आलेलं हे नाटक शेक्सपिअरच्या शोकांतिकांत सर्वांत छोटं आहे, साधारण २१०० ओळींचं. तरीही ३५ मिनिटांच्या तासांत ते सगळं होत नाही आणि व्हायची गरजही नाही. पाच तुकडे घ्या: पहिला प्रवेश, म्हणजे चेटकिणी, तिसऱ्या प्रवेशातली भविष्यवाणी, पहिल्या अंकाच्या शेवटचं मॅकबेथ आणि लेडी मॅकबेथ या नवरा-बायकोचं भांडण, दुसऱ्या अंकाचा दुसरा प्रवेश, म्हणजे खुनानंतरची रात्र, आणि पाचव्या अंकाच्या सुरुवातीला लेडी मॅकबेथचं झोपेत चालणं. मधला भाग एका सूत्रधाराने मराठीत चार-पाच वाक्यांत सांगायचा. याला पळवाट समजू नका. सूत्रधार असला की मुलं धागा सोडत नाहीत आणि इंग्रजीची सगळी ताकद त्या पाच तुकड्यांवर लागते.

जूनमध्ये शाळा सुरू झाली की चेटकिणी घ्याव्यात. ‘व्हेन शॅल वी थ्री मीट अगेन’ हा प्रवेश जेमतेम बारा ओळींचा आहे आणि बाहेर मेघगर्जना फुकटात मिळते. चेटकिणींच्या ओळी आखूड, चार ठोक्यांच्या, बहुतेक पहिल्याच अक्षरावर जोर देणाऱ्या असतात. सगळ्या वर्गाने एकत्र म्हणाव्यात, म्हणजे ज्याचं इंग्रजी कच्चं आहे त्यालाही लपायला जागा मिळते. पत्र्याच्या वर्गात पाऊस कोसळायला लागला की आवाज चढवत बसू नका, मुलांचे घसे बसतात. त्या तासाला तोच प्रवेश मुक्याने, नुसत्या हालचालींनी करून घ्यावा.

आता दुसऱ्या अंकाचा दुसरा प्रवेश. एकच प्रवेश शिकवायला वेळ असेल तर हाच शिकवा. राजा डंकनला मारून मॅकबेथ बाहेर येतो आणि लेडी मॅकबेथ बोलायला सुरुवात करते, मग आळीपाळीने: ‘डिड नॉट यू स्पीक?’ ‘व्हेन?’ ‘नाउ.’ ‘ॲज आय डिसेंडेड?’ ‘आय.’ शेवटचा ‘आय’ म्हणजे होय. यातला ‘डिसेंडेड’ सोडला तर एकही शब्द पाचवीच्या पुढचा नाही. वाचनात अडखळणारा मुलगाही मॅकबेथ होऊ शकतो, आणि तो झाल्यावर वर्गातलं त्याचं स्थान बदलतं.

आधी पुस्तक मिटून ठेवायचं. फळ्यावर पाच मुद्दे लिहायचे: तो काम उरकून आला, तिने घुबड आणि रातकिडे ऐकले, दोघांना वाटतं कुणीतरी बोललं, त्याच्या हाताला रक्त आहे, दार वाजतं. मुलांनी जोड्या करून हे आपल्या बोलीत करायचं. ‘काम झाला. तुका कसलो आवाज इलो नाय?’ ‘घुबड ओरडला. तुमी कायतरी बोललात?’ ‘कदी?’ ‘आताच.’ तो तिला ‘तू’ म्हणतो, ती त्याला ‘तुमी’ म्हणते. मुळातही इथे तो ‘दाउ’ म्हणतो आणि ती ‘यू’, तेव्हा ‘दाउ’ची वेगळी शिकवणी लागत नाही. हे दहा मिनिटं पुरे. त्यानंतर लगेच, त्याच तासाला, इंग्रजी ओळी हातात द्याव्यात. दुसऱ्या दिवसावर ढकललं तर मुलं बोलीतल्या प्रसंगावरच खूश राहतात आणि इंग्रजी ओझं वाटू लागतं.

ओळी द्यायच्या त्या ए-फोर कागदावर मोठ्या अक्षरांत, दोन ओळींत बोटभर अंतर ठेवून. काही मुलं त्यावर देवनागरीत उच्चार लिहून घेतात. दोन दिवस चालू द्यावं, मग तो कागद काढून घ्यावा. ‘फाउल’ देवनागरीत तीन अक्षरांचा दिसतो, इंग्रजीत मात्र तो एकच ठोका असतो, आणि लिहिलेलं समोर असेपर्यंत मूल तीन अक्षरंच म्हणत राहतं.

जोड्यांनी पाठीला पाठ लावून उभं राहायचं आणि कुजबुजत बोलायचं. चेहरा दिसत नाही म्हणून ऐकावंच लागतं. मग एकेक पाऊल लांब जात दहा फुटांवर, तरीही कुजबुज समोरच्यापर्यंत पोचली पाहिजे. इथे एक चूक हमखास होते: प्रत्येक जण समोरच्याचं वाक्य संपल्यावर एक श्वास थांबतो, स्नेहसंमेलनातल्या पाठ केलेल्या नाटुकल्यासारखं. पण ‘डिड नॉट यू स्पीक’पासून ‘डिसेंडेड’पर्यंतचे चार तुकडे मिळून पद्याची एकच ओळ होते, पुष्कळ आवृत्त्यांत ती तशीच पायरी-पायरीने छापलेली असते. ओळ एक असल्याने मध्ये फट राहता कामा नये. उपाय सोपा आहे. रुमालाला गाठ मारून बोलणाऱ्याने शेवटच्या शब्दाबरोबर तो समोर फेकायचा आणि झेलणाऱ्याने झेलताक्षणी बोलायचं. फट बुजली की वर्गात भीती तयार होते, ती वेगळी अभिनयाने आणावी लागत नाही. ‘आय’ नंतर मात्र थांबायचं, दोघांनी कान टवकारायचे.

याच प्रवेशात एक कोडं आहे, ते मुलांना सोडवू द्यावं. मॅकबेथ खंजीर घेऊन बाहेर आला आहे, पण लेडी मॅकबेथ त्याबद्दल विचारते ती तब्बल तीसेक ओळींनंतर. मधल्या वेळात तो आपले हात बघून ‘धिस इज अ सॉरी साइट’ म्हणतो. मग तिला खंजीर दिसले कसे नाहीत? खंजिरांऐवजी दोन फूटपट्ट्या द्या आणि जोड्यांना करून बघू द्या. कुणी हात पाठीशी नेतो, कुणी तिला उंच बाकावर उभी करतो, कुणी म्हणतो ती त्याच्या तोंडाकडेच बघतेय. तिन्ही उत्तरं चालतात, फक्त प्रेक्षकांना पट्ट्या दिसल्या पाहिजेत. गाइडमध्ये हा प्रश्नच नसतो, आणि तिचं सगळं लक्ष नवऱ्याला सावरण्यात गुंतलंय हे मुलांना यातूनच कळतं.

दारावरचे ठोके या प्रवेशात चार वेळा येतात. ते वाजवायला दाराबाहेर वेगळा मुलगा ठेवावा, हातात संहिता देऊन. घाईत तो ओळीवरच ठोकतो आणि शब्द बुडतात. नियम असा: शेवटचा शब्द संपला, एक श्वास, मग ठोका, दर खेपेला आधीपेक्षा जोरात.

उच्चारांपैकी एकाच गोष्टीचा आग्रह धरावा. ‘मॅकबेथ डझ मर्डर स्लीप’, म्हणजे मॅकबेथ झोपेचाच खून करतो, यातला ‘स्लीप’ आखूड झाला की अर्थ जातो. बाकी उच्चार कोकणी राहिले तरी बिघडत नाही.

वृत्ताला मराठी शिक्षक घाबरतात, खरं तर आपण त्यात पुढे आहोत. मनाच्या श्लोकांचं भुजंगप्रयात मुलांना येतं. ल-गा-गा चार वेळा, ल म्हणजे लघु, गा म्हणजे गुरू. शेक्सपिअरच्या ओळीत ल-गा पाच वेळा, दहा अक्षरं. मॅकबेथची पहिलीच ओळ घ्या: ‘सो फाउल अँड फेअर अ डे आय हॅव नॉट सीन’. चालत म्हणायची, जोराच्या अक्षरावर उजवा पाय. धोका एवढाच की मराठीत गुरू म्हणजे लांब, म्हणून मुलं ‘फाउऽऽल’ असं गायला लागतात. इंग्रजीत अक्षर लांबवायचं नसतं, त्यावर वजन टाकायचं असतं. मोठं अक्षर आणखी मोठं करायला सांगू नका. लहान अक्षरं गिळायला सांगा. ‘अँड’चा नुसता ‘न्’ राहिला की ठोका आपोआप जागेवर येतो.

गणपतीच्या सुट्टीत आणि त्यानंतरच्या सहामाहीत हे सगळं बाजूला पडतं, पडू द्यावं. दिवाळीनंतर स्नेहसंमेलनासाठी बसवायला घ्यावं. मुलं मिनिटाला साधारण बारा ओळी म्हणतात. वीस मिनिटांच्या प्रयोगाला ये-जा, सूत्रधार आणि ठोके धरून १८० ओळी पुरतात. बाकीच्या कापताना ओळ अर्धी तोडू नये, ठोका मोडतो. त्यापेक्षा सलग चार-पाच ओळींची उपमा पूर्ण काढून टाकावी. चेटकिणींची देवी हेकेटी हिचा प्रवेश बेलाशक वगळावा, तो नंतर दुसऱ्या कुणी घातला असावा असं बहुतेक अभ्यासक मानतात. दारुड्या द्वारपालाचे विनोद नववीसाठी नाहीत.

मैदानावरच्या रंगमंचावर खाऱ्या वाऱ्याने मेणबत्ती टिकत नाही, म्हणून झोपेत चालण्याच्या प्रवेशाला सेलवरचा दिवा घ्यावा. तो प्रवेश गद्यात आहे, तिथे पावलांचा ठोका बंद. दासी सांगते की बाईसाहेब पाव-पाव तास हात धूत असतात. मुली मात्र तीन सेकंदांत चोळून मोकळ्या होतात. एकेक बोट वेगळं धुवायला सांगावं. रक्तासाठी खोबरेल तेलात कालवलेलं कुंकू छान दिसतं, पण गणवेशावरचा डाग जात नाही. पाण्याने निघणारा लाल पोस्टर रंग बरा.

मराठी रूपांतरं शेवटी वाचायला द्यावीत. महाडच्या शिवराम महादेव परांजप्यांचं ‘मानाजीराव’ आणि शिरवाडकरांचं ‘राजमुकुट’ ही दोन्ही मॅकबेथवरूनच आलेली. सुरुवातीला दिली तर मुलं इंग्रजी ओळीकडे वळतच नाहीत. प्रयोग झाल्यावर खुनाच्या रात्रीचं एक पान मोठ्याने वाचून घ्यावं आणि विचारावं, इथे रुमाल कुठे फेकला असता?