तियेचा कट, कोल्हापुरातून वाचताना

राजवाड्यातील वारसाचा संघर्ष कोल्हापूरकरांना नवा नाही. १७१४ मध्ये पन्हाळ्यावर राजसबाईंनी आपली सवत ताराबाई आणि त्यांचे पुत्र दुसरे शिवाजी यांना कैदेत टाकून आपला मुलगा दुसरा संभाजी याला गादीवर बसवले, आणि या राज्याचा पुढचा इतिहास त्या एका घटनेने ठरला. त्यामुळेच इजिप्तचा फेरो, म्हणजे राजा, तिसरा रामसेस याच्या जनानखान्यात इसवी सनपूर्व ११५५ च्या सुमारास शिजलेला कट मला एका दुष्ट राणीची कथा म्हणून वाचता येत नाही.

तिये ही रामसेसची एक राणी होती आणि पेंतावेरे हा तिचा मुलगा. वारस मात्र दुसरा राजपुत्र ठरला होता. तियेने जे उभे केले ते पाहून तिच्या राजकीय बुद्धीची दखल घ्यावीच लागते. महालाचा अधिकारी पेबेक्कामेन हा आतल्या स्त्रियांचे निरोप त्यांच्या मातांना आणि भावांना पोहोचवत होता. एकीचा भाऊ इजिप्तच्या दक्षिणेकडील नुबियात धनुर्धरांचा सरदार होता आणि लोकांना राजाविरुद्ध उठवावे, असे तिने त्याला पत्राने कळवले होते. जादूसाठी मेणाच्या बाहुल्याही केल्या गेल्या. ज्यांना महालाबाहेर पाऊल टाकणे कठीण, त्यांनी थेट सैन्यापर्यंत हात पोहोचवावा, हे मला फार मोठे वाटते.

राजाचा खून झाला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सीटी स्कॅनच्या निष्कर्षांनुसार त्याचा गळा हाडापर्यंत चिरलेला होता, आणि ममी करणाऱ्यांनी त्या जखमेत होरस या देवाच्या डोळ्याचे ताईत ठेवले होते.

गादी मात्र पेंतावेरेला मिळाली नाही. इटलीतील तुरिनच्या संग्रहालयातील पपायरसात (लव्हाळ्यापासून केलेल्या प्राचीन कागदावर) खटल्याची नोंद आहे: १२ न्यायाधीश नेमले गेले, अनेक आरोपींची नावे मुद्दाम निंदाजनक करून लिहिली गेली, आणि खुद्द काही न्यायाधीशच आरोपी स्त्रियांबरोबर मद्यपान करताना सापडल्याने त्यांची नाके व कान कापले गेले. पेंतावेरेला आत्महत्या करावी लागली. तियेला कोणती शिक्षा झाली, हे मात्र त्या नोंदीत नाही. ताराबाईंना कैदेनंतरही १७६१ पर्यंतचे आयुष्य आणि पुन्हा राजकारणात उतरण्याची संधी मिळाली. तियेची बाजू आपल्यापर्यंत पोहोचते ती केवळ जिंकलेल्या पक्षाच्या लेखणीतून, आणि याची मला मनापासून खंत वाटते.

ठरलेला वारस चौथा रामसेस म्हणून गादीवर आला, पण त्याने जेमतेम ६ वर्षे राज्य केले. त्याच्या मुलाची कारकीर्दही अल्पच ठरली, आणि त्यानंतर सिंहासन तिसऱ्या रामसेसच्याच दुसऱ्या एका मुलाकडे, सहाव्या रामसेसकडे गेले.