तुम्ही विचारलंत म्हणून: वाळवंटात एवढी धूळ, मग दुर्बीण तिथेच का?

हा प्रश्न बहुतेक वेळा चिलीतल्या अटाकामा वाळवंटाबद्दल येतो, म्हणून उत्तरही तिथलंच घेऊ. अंतोफागास्ता शहराच्या दक्षिणेला, सुमारे 2,635 मीटर उंचीचं सेरो परानाल हे शिखर आहे. युरोपियन सदर्न ऑब्झर्वेटरीच्या व्हेरी लार्ज टेलिस्कोपच्या चार मोठ्या दुर्बिणी इथे आहेत. प्रत्येकीचा मुख्य आरसा 8.2 मीटर व्यासाचा. अंतू, कुएयेन, मेलिपाल आणि येपून ही त्यांची नावं मापुचे लोकांच्या भाषेतली.

धूळ आरशावर बसतेच. पण तिच्यावर चांगला उपाय आहे. वरची हवा खळबळते तेव्हा ताऱ्याची प्रतिमा पसरते, आणि त्यावरचा उपाय मात्र महागडा आणि अर्धवट आहे, म्हणून जागा निवडताना हवेला जास्त महत्त्व.

आधी धुळीचं. आरसा कापडाने कधीच पुसायचा नाही. वाळूचा कण घासला की मुलाम्यावर ओरखडा उठतो. अनेक वेधशाळांत आरसा तिरपा करून त्यावर कार्बन डायऑक्साइडच्या हिमाचा फवारा मारतात. ते कण धूळ उचलतात आणि लगेच वायू होऊन जातात. तरीही हळूहळू परावर्तन घटतं आणि प्रकाश विखुरतो. मग वीसेक टनांचा आरसा दुर्बिणीतून उतरवून पायथ्याच्या इमारतीत नेतात, धुतात, जुना ॲल्युमिनियमचा थर रसायनांनी काढतात आणि निर्वात टाकीत नवा चढवतात. थराची जाडी साधारण 80 नॅनोमीटर. हिशेब केला तर अख्ख्या आरशावर जेमतेम 11-12 ग्रॅम ॲल्युमिनियम! धोका असतो तो उतरवण्या-चढवण्यात. काच फक्त साडेसतरा सेंटिमीटर जाड आहे आणि स्वतःच्या वजनाने वाकते. म्हणूनच दुर्बिणीत तिच्याखाली 150 आधार आहेत. रात्रभर एका ताऱ्याची प्रतिमा तपासत ते आरशाचा आकार सावरत राहतात.

आता हवा. किनाऱ्यालगतच्या थंड हम्बोल्ट प्रवाहामुळे समुद्रावरचे ढग शिखराच्या बरेच खाली अडकतात, आणि ॲमेझॉनकडची वाफ अँडीज अडवतो. वर उरते कोरडी, बऱ्यापैकी शांत हवा. इन्फ्रारेडमध्ये, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात, बघताना हा कोरडेपणा फार मोलाचा, कारण तो प्रकाश बाष्प गिळतं. तरीसुद्धा चांगल्या रात्री तारा सुमारे 0.7 आर्कसेकंद (एक आर्कसेकंद म्हणजे एका अंशाचा 3,600वा भाग) इतका पसरलेला दिसतो. म्हणजे दुरुस्ती नसेल तर 8.2 मीटरच्या आरशातूनही बारकावे 20 सेंटिमीटरच्या दुर्बिणीइतकेच! प्रकाश मात्र सोळाशे पटींहून जास्त मिळतो.

खळबळ घुमटातही तयार होते. आरशाची झेरोदूर ही काच तापमानाने जवळपास प्रसरण पावत नाही, म्हणून तापली तरी चालेल असं अनेकांना वाटतं. तसं नाही. आरसा भोवतालच्या हवेपेक्षा एखाद्या अंशाने गरम असला तरी वरची हवा उकळल्यासारखी हलते आणि प्रतिमा फुगते. म्हणून दिवसभर घुमट बंद ठेवून आतली हवा येणाऱ्या रात्रीच्या अंदाजे तापमानाला थंड करतात. इलेक्ट्रॉनिक्सच्या कपाटांची उष्णताही शीतक द्रवाने बाहेर नेतात.

उरलेली खळबळ दुरुस्त करण्यासाठी येपूनचा दुय्यम आरसाच (मुख्य आरशावरून आलेला प्रकाश परतवणारा छोटा आरसा) लवचिक आहे: सुमारे 2 मिलिमीटर जाड, मागे त्याला ढकलणारी-ओढणारी 1,170 छोटी यंत्रं, सेकंदाला हजारापर्यंत वेळा बदलणारा आकार. ही दुरुस्ती आकाशाच्या लहानशा तुकड्यापुरती असते, आणि निळ्या प्रकाशापेक्षा इन्फ्रारेडमध्ये सोपी. खळबळ मोजायला जवळ तेजस्वी तारा नसेल तर चार लेझर वातावरणात साधारण 90 किलोमीटरवर असलेल्या सोडियमच्या थरात कृत्रिम तारे पेटवतात. पण लेझर जाताना आणि परतताना त्याच हवेतून जातो, त्यामुळे प्रतिमा एकूण किती सरकली ते त्यावरून कळत नाही. तेवढ्यासाठी जवळपास एक खरा तारा, अंधूक का होईना, शोधावाच लागतो.