ताई, अजून तेच मशीन? तुम्ही विचारलंत म्हणून

"ताई, अजून तेच मशीन?" एप्रिल लागला की माझ्या गवत कापायच्या जुन्या मशीनवरून हा प्रश्न येतोच. कधी कुंपणापलीकडून, कधी मंडळाच्या जेवणात श्रीखंडाच्या रांगेत. विचारणारी आपलीच मुलं-मुली, इथे ओहायोत कोलंबसजवळ पहिलं घर घेतलेली. दुसरा प्रश्न ठरलेला, "बॅटरीवालं का नाही घेत?" मग आवाज जरा खाली येतो. "आमचं चालूच होत नाहीये. काय करू?" खरा प्रश्न हाच असतो, म्हणून आज सविस्तर सांगते.

माझं गवत कापायचं मशीन २००४ सालचं. २१ इंची डेक, म्हणजे पातं ज्याच्या आत फिरतं ते कवच, एका सिलिंडरचं चार स्ट्रोकचं पेट्रोल इंजिन, पुढे ढकलत न्यायचं. बॅटरीवाली मशीनं चांगली आहेत, आवाज कमी, धूर नाही. अंगण लहान असेल तर खुशाल घ्या. माझं मी ठेवलंय, कारण ते उघडता येतं आणि उघडल्यावर समजतं.

वाळवा तालुक्यात आमच्या विहिरीवर किर्लोस्करचं डिझेल इंजिन होतं. आबा ते दुरुस्त करायचे तेव्हा कंदील धरायचं काम माझं. इंजिन बंद पडलं की ते म्हणायचे, "त्याला काय मिळंना झालंय, ते आधी बघायचं." डिझेल पोचतंय का, पाइपात हवा अडकली आहे का, जाळी तुंबली आहे का. पेट्रोल इंजिनाला ठिणगी तेवढी जास्त लागते, बाकी हिशेब तोच.

तुमची मशीनं एप्रिलमध्ये चालू होत नाहीत ती बहुतेक वेळा पेट्रोलमुळे. इथल्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये साधारण १० टक्के इथेनॉल असतं. आमच्या सांगलीकडे ते उसाचं, इथे मक्याचं, पण स्वभाव एकच, ते हवेतलं पाणी ओढतं. नोव्हेंबरमध्ये टाकीत राहिलेलं पेट्रोल हिवाळाभर कार्ब्युरेटरच्या, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाच्या, वाटीत बसून चिकट होतं आणि जेटचं, म्हणजे पेट्रोल आत सोडणारं, भोक बुजतं. ते भोक सुईच्या टोकाएवढं. त्यात डाग बसला की दोरी शंभर वेळा ओढा, खांदा दुखेल, इंजिन ऐकणार नाही.

म्हणून मी केलेला पहिला बदल. टाकी आणि कार्ब्युरेटर यांच्यामधली रबरी नळी कापून मध्ये एक छोटी तोटी बसवली. तोटी आणि दोन क्लिपा, खर्च दहा डॉलरच्या आत. मोसमातलं शेवटचं गवत कापून झालं की इंजिन चालू असतानाच तोटी बंद करते. वाटीतलं पेट्रोल संपेपर्यंत ते चालतं, मग आवाज बारीक होत आपोआप थांबतं. टाकीतलं पेट्रोल काढून गाडीत ओतते. तेव्हापासून कार्ब्युरेटर खोलायची वेळ आलेली नाही. वाळव्यात भावाकडे बांधावरचं गवत कापायची पाठीवरची मशीन आहे, त्यालाही फोनवर हेच सांगितलं. तिकडेही आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे.

दुसरा बदल आईमुळे झाला. ती आली होती त्या उन्हाळ्यात मी कापलेलं गवत कागदी पिशव्यांत भरून रस्त्याकडेला ठेवत होते. आई पायरीवर बसून बघत होती. चौथी पिशवी भरली तेव्हा तिला राहवलं नाही. "एवढा हिरवागार चारा! दावणीला कोण हाय?"

म्हटलं, कोणी नाही.

"मग पिकवतीस कशाला गं?"

मला उत्तर सुचेना. त्याच आठवड्यात मी डेकचं गवत बाहेर टाकणारं बाजूचं तोंड जाड पत्र्याने बंद केलं, दोन बोल्ट आणि न सुटणारे नट लावून, आणि गवत बारीक करणारं पातं आणलं. आता कापलेलं गवत डेकच्या आतच गरगर फिरतं, तीन-चारदा कापलं जातं आणि भुगा होऊन मुळाशी पडतं. हिरवळीला वर्षाला लागणाऱ्या नत्रातला जवळजवळ पाव हिस्सा त्यातून परत मिळू शकतो. पथ्यं दोन. गवत कोरडं हवं, आणि एका वेळी वरचा तिसरा हिस्साच कापायचा. तीन इंचाखाली मी कधीच नेत नाही. फोनवर आईला सांगितलं, आता जमिनीलाच घालते. ती म्हणाली, "आत्ता बरोबर झालं."

आता चावीची गोष्ट. कुलपाची नव्हे, इंजिनातली. ही नीट वाचा, कारण यात मशीनं उगाच भंगारात जातात.

एका मे महिन्यात मेपलच्या वर आलेल्या मुळावर पातं आपटलं. खट्ट! इंजिन जागेवर थांबलं. पुन्हा दोरी ओढली तर दोरीनेच हाताला उलटा हिसका दिला. दुरुस्तीच्या दुकानात नेलं. तिथल्या माणसाने न उघडता सांगितलं, "दांडा वाकला, नवीन घ्या." मला पटलं नाही. दांडा म्हणजे पातं फिरवणारा इंजिनाचा कणा. तो वाकला असेल तर ते दिसतं. ठिणगीचा प्लग काढायचा, मशीन तिरकं करायचं, कुणीतरी दोरी सावकाश ओढायची आणि आपण लांबून पात्याच्या मधल्या बोल्टकडे बघायचं. वाकला असेल तर बोल्ट गोल डोलतो, आणि मग मात्र इंजिन सोडून द्यावं. माझा जरासुद्धा डोलला नाही.

मग वरचं झाकण काढलं, फ्लायव्हीलचा, म्हणजे दांड्याच्या वरच्या टोकावरच्या जड चाकाचा, नट सोडला, पुलर हे ओढून काढायचं अवजार लावून फ्लायव्हील उचललं. खाली फ्लायव्हील दांड्यावर जागच्या जागी ठेवणारी, करंगळीच्या नखाएवढी ॲल्युमिनियमची चावी. मधोमध सरकून तिची पायरी झाली होती. ती मऊच बनवलेली असते. मोठा झटका बसला की ती कातरते, आणि फ्लायव्हील दांड्यावर थोडं फिरतं. फ्लायव्हीलमधल्या चुंबकावर ठिणगीची वेळ अवलंबून, त्यामुळे ठिणगी भलत्या वेळी पडते आणि इंजिन उलटं लाथ मारतं. नवी चावी काही डॉलरची. बसवली, नट नेमून दिलेल्या जोराने आवळला, दुसऱ्या ओढीला इंजिन बोललं. ती तुटकी चावी मी मसाल्याच्या रिकाम्या बाटलीत जपून ठेवली आहे. कुणी "इंजिन मेलं" म्हणत आलं की आधी ती बाटली दाखवते.

पात्याचं म्हणाल तर मोसमात तीन वेळा पाजवते, कानशीने. बोथट पातं गवत कापत नाही, फाडतं. दुसऱ्या दिवशी शेंडे पांढुरके दिसले की समजायचं. विळ्याइतकी पातळ धार मात्र नको, खडा लागला की ती मुडपते. मग भिंतीतल्या खिळ्यावर पातं मधल्या भोकाने अडकवायचं. जी बाजू खाली जाईल ती जड, तिथून आणखी थोडं घासायचं. तोल नसलेलं पातं मुठीला थरथर देतं आणि इंजिनाच्या बेअरिंगला खातं. परत बसवताना उलटं जाऊ नये म्हणून जमिनीकडच्या बाजूला मी नेलपॉलिशचा लाल ठिपका लावते. डेकखाली चिकटलेलं गवत खरवडायला सांगलीहून आणलेलं जुनं लाकडी उलथनं आहे. लोखंडी घेतलं तर रंग निघतो आणि तिथेच गंज धरतो. मशीन आडवं करताना एअर फिल्टर वर राहील असं करा, नाहीतर ऑइल फिल्टरमध्ये उतरतं आणि चालू केल्यावर गल्लीभर पांढरा धूर होतो.

एक बदल मात्र कुणीही करू नका. मागच्या वर्षी एकाने विचारलं होतं, मुठीवरची दांडी सारखी दाबून धरावी लागते, तारेने बांधली तर? १९८२ पासून इथे कायदाच आहे, दांडी सोडल्यावर ३ सेकंदांच्या आत पातं थांबलं पाहिजे. २१ इंची पातं मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर त्याचं टोक ताशी ३०० किलोमीटरने फिरत असतं. शेजारी मुलं चेंडू आणायला धावत येतात. दांडी बांधायची नाही.

शनिवारी सकाळी मी गॅरेजमध्येच असते. कानस, खिळा, पुलर सगळं आहे. पातं घेऊन या, पाजवून देते. फक्त घरी ते काढायच्या आधी प्लगची टोपी ओढून बाजूला ठेवा, म्हणजे इंजिन चुकून चालू होणार नाही. टोपी काढलीत का, हे मी दारातच विचारणार आहे.