कुठल्या शिवारातला?

परभणीत जिंतूर रोडला पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही दोघा भावांनी गॅरेज टाकलं ते फक्त दुरुस्तीसाठी. जुने ट्रॅक्टर घ्यायचे, उभे करायचे अन् विकायचे, हा नाद नंतर लागला. कमी पैशात काम भागवणारं गिऱ्हाईक येतंच, पण आजोबांच्या वेळचा इंटरनॅशनल बी-275 किंवा एचएमटीचा झेटर 2511 दारात पुन्हा सुरू व्हावा म्हणून येणारेही आहेत. ते घासाघीस करत नाहीत, चहा मात्र दोनदा लागतो.

पहिल्याच वर्षी फटका बसला. पाटोद्याकडचा एक मॅसी 1035 घेतला. गाव कोरडवाहू, जमीन बरड, उसाचं कांडं नाही. बाजरी-तुरीच्या रानात असा किती झिजला असेल, असं वाटलं. खोलला तर क्लच जळालेला, मागच्या एक्सलचे बेअरिंग गेलेले, क्राऊन-पिनियनचे दात खाल्लेले. मालक निघाला मुकादम! दिवाळीनंतर टोळी घेऊन पश्चिम महाराष्ट्रात जायचा, अन् हंगामभर ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ऊस ओढायचा. ते पैसे कधी निघाले नाहीत.

तेव्हापासून मीटरकडे बघणं सोडलं. (तसंही निम्म्यांचं बंदच असतं.) थोरला भाऊ आधी गावच्या पारावर बसतो आणि म्हाताऱ्यांना विचारतो, पाणी कधी आलं?

जायकवाडी 1976 ला पूर्ण झालं. डावा कालवा 208 किलोमीटरचा, जालन्यातून परभणीपर्यंत. पाथरी-मानवतची काळी ओली झाली की नांगर ओढताना ट्रॅक्टरचा दम निघतो, म्हणून तिकडचा असला तर लिफ्ट आणि मागचे टायर आधी बघायचे. बरड गावात बोअरचं जड पाणी रेडिएटरमध्ये जातं, तिथं हेड काढून क्षार बघितल्याशिवाय बयाणा नाही.

सगळ्यात फसवा ट्रॅक्टर विहिरीवरचा. 1972 च्या दुष्काळानं विहिरी खोल करायला लावल्या, अन् पुढे ट्रॅक्टरला कॉम्प्रेसर जोडून सुरुंगाची भोकं पाडणारे गावोगाव फिरू लागले. असा ट्रॅक्टर जागेवर उभा राहून म्हातारा होतो. इंजिन दमलेलं, गिअरपेटी कोरी. आम्ही तो डोळे झाकून घेतो. लाइनर-पिस्टन मिळून जातात, जुन्या झेटरचे गिअर मात्र भंगारवाल्यांकडे शोधत फिरावं लागतं.

सध्या शेडमध्ये असाच एक उभा आहे. तेवढा डिझेल पंप बसायचा राहिलाय.