ऐंशी वर्षांच्या वेलीचं ऑपरेशन

त्या दिवशी हातात कात्री नव्हती, बॅटरीवर चालणारा छोटा चेनसॉ होता. जुलै संपत आला होता, सकाळी सातलाच ऊन टोचत होतं आणि फ्रान्समधल्या मोर्गाँच्या कोत द्यु पी या टेकडीच्या उतारावर आम्ही चौघं लाल फीत बांधलेल्या द्राक्षवेली शोधत फिरत होतो. फिती आदल्या आठवड्यात मीच बांधल्या होत्या. पानाच्या शिरा हिरव्या, पण मधला भाग पिवळा-तांबडा करपलेला दिसला की बांध फीत. याला इथे एस्का म्हणतात. ही खोडाच्या आत राहणारी बुरशी, पान तिची फक्त चुगली करतं.

मी मूळची निफाडची. घरची द्राक्षबाग, मग नाशिकच्या एका वायनरीत नोकरी, मग शिकायला म्हणून फ्रान्सला आले ती इथेच रमले. आता बोजोलेमधल्या एका छोट्या घरच्या बागेत कामाला आहे. बाग त्या घरची मुलगी चालवते, पण तिचे वडील रोज हजर. निवृत्त झालेला फ्रेंच शेतकरी मी तरी अजून पाहिलेला नाही.

बोजोले म्हटलं की आपल्याकडच्या वाईनप्रेमींना नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी बाजारात येणारी कोवळी, हलकी बोजोले नूव्हो आठवते. तिने या भागाला पैसा दिला आणि नाव खराब केलं. ज्यांच्या वाईनला स्वतःच्या नावाने विकायचा मान आहे अशी दहा ठिकाणं याच भागात आहेत, मोर्गाँ त्यातलं एक. इथली चांगली बाटली दहा-पंधरा वर्षं सहज टिकते. द्राक्ष मात्र तेच, गामे. याच गामेला 1395 मध्ये बर्गंडीच्या ड्यूकने, धाडसी फिलिपने, आपल्या मुलखातून उपटून टाकायचं फर्मान काढलं होतं. तिथल्या चुनखडीत नकोसा झालेला हा वाण दक्षिणेकडच्या दगडात असा काही रुजला, की आज त्याच्या नावावर हा अख्खा मुलूख जगतो. कोत द्यु पीवरचा दगड निळसर-काळा आणि इतका कुजका, की बुटाच्या टाचेने चुरा होतो. कुदळ मारायला नको आणि पाणी साठायला जागा नाही.

आमचा हा तुकडा दुसऱ्या महायुद्धाच्या सुमाराला लावलेला. तार नाही, मंडप नाही. प्रत्येक वेल गुडघ्याएवढी, आपल्या पायावर एकटी उभी, वर चार-पाच फाटे. हेक्टरी जवळपास दहा हजार, म्हणजे एकरी चार हजार वेली. निफाडला नऊ बाय पाच फुटांवर एकरी साडेनऊशेच्या आसपास बसतात. यंत्र आत शिरतच नाही, छाटणीपासून काढणीपर्यंत सगळं वाकून. शेजारच्याने म्हणूनच गेल्या वर्षी आपला जुना प्लॉट उपटून तारेवरची नवी लागवड केली. त्याला नावं ठेवायची माझी हिंमत नाही. सप्टेंबरमध्ये आठवडाभर काढणी करून बघा, तुम्हीही हेच कराल.

आमच्या मालकिणीपुढेही तोच प्रश्न होता. मोर्गाँ हे नाव लावायचं तर मेलेल्या आणि गायब वेलींचं प्रमाण ठरावीक मर्यादेत लागतं. ते ओलांडलं की जितकं पीक घ्यायची परवानगी असते, तीसुद्धा कापली जाते. आमचा प्लॉट त्या मर्यादेला टेकला होता. एस्काला फवारणी नाही. पूर्वी सोडियम आर्सेनाइट मारायचे, पण ते माणसालाही मारणारं विष. 2001 मध्ये फ्रान्सने त्यावर बंदी घातली. उरतात तीन वाटा: वेल मरेपर्यंत वाट बघा, सगळा प्लॉट उपटा, नाहीतर खोड उघडा. मालकिणीने लोआर खोऱ्यातून एक माणूस दिवसभरासाठी बोलावला होता, तो हेच शिकवायला आला होता.

त्याने पहिली वेल घेतली. खोडाभोवतीची माती झटकली, साल ओरबाडून काढली आणि बोटाने खोड चाचपत खाली-वर गेला. मग जिथे जुन्या छाटणीची मोठी जखम होती तिथून चेनसॉचं टोक आत घातलं. आधी तपकिरी, कडक भुसा उडाला. मग एकदम भुशाचा रंग बदलला, पिवळसर पांढरा आणि ओलसर. आत स्पंजसारखं मऊ लाकूड. बोटांत धरलं तर चुरगळत होतं आणि वास थेट अळंबीचा. इथले लोक त्याला अमादू म्हणतात. "तपकिरी राहिलं तर चालेल," तो म्हणाला, "पांढरं कणभरही ठेवू नका." दाताची कीड कोरावी तसं तो ते वळणावळणाने कोरत राहिला. थांबला तेव्हा खोडाला आरपार खिडकी पडली होती. पलीकडचं गवत दिसत होतं. वेल उभी होती ती दोन बोटं रुंद, सालीसकट जिवंत लाकडाच्या पट्टीवर.

"आता?" मी विचारलं.

"आता काही नाही. उघडं राहू द्या. हवा लागू द्या. रस कडेच्या लाकडातूनच वर जातो, मधलं नसलं तरी तिचं अडत नाही."

मग मशीन माझ्याकडे दिलं. पहिल्या वेलीला माझा हात इतका सांभाळून चालला होता की मालकिणीचे वडील, म्हातारबाबा, शेवटी वैतागले. "मॅडम, ती माझ्यापेक्षा थोडीच लहान आहे आणि माझ्यापेक्षा टणक आहे. कापा." कापत गेले. एकेका वेलीला दहा-पंधरा मिनिटं. काही खोडं वरून ठणठणीत, आतून बोटभर जागा सोडून सगळी पांढरी. एक तर चेनसॉ लागताच मधोमध फाटली, तिला वाचवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. अकराच्या सुमाराला ऊन इतकं चढलं की काम थांबवावं लागलं.

जेवायच्या सुट्टीत व्हिडिओ कॉलवर बाबांना खोड दाखवलं. त्यांनी चष्मा सरसावून बघितलं आणि पहिला प्रश्न: "बोर्डो पेस्ट लावली का?"

"नाही, उघडंच ठेवतात."

"उघडं? अगं, एवढी मोठी जखम उघडी? तुमच्या फ्रेंच लोकांनीच शिकवलं ना बोर्डो?" बाबांचा जीव खरोखर वरखाली झाला. निफाडात छाटणीनंतर मोरचूद-चुन्याची ही पेस्ट न लावणं म्हणजे पाप. मग त्यांनी वेलीचं वय विचारलं. ऐंशीच्या आसपास म्हटल्यावर गप्प झाले. आमच्याकडे पंधरा-अठरा वर्षांची बाग म्हणजे थकलेली बाग. माल बारीक पडायला लागला की तोडा आणि नवीन वाण लावा. पण वेलीचं तिथलं आयुष्यच वेगळं. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, हिवाळ्याची झोप म्हणून नाही. इथे वर्षातून एकदाच छाटणी, तीही पानं गळून वेल निपचित पडल्यावर. तरी ऐंशी वर्षं म्हणजे ऐंशी छाटण्या, आणि प्रत्येक जखम बुरशीला उघडं दार.

दुपारी म्हातारबाबांनी तळघरातून लेबल नसलेली बाटली आणली. याच प्लॉटची, 2009ची. ते वर्ष बोजोलेत सगळ्यांना लक्षात आहे, इतकं पीक छान पिकलं होतं. रंगाच्या कडेला विटकरी छटा आलेली. पहिल्यांदा चेरी, मग काळी मिरी, आणि शेवटी जिभेच्या दोन्ही कडांना रेंगाळणारं काहीतरी लोखंडी. वाईन गिळल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही, कारण सगळ्यांच्या तोंडात चीज होतं.

लोआरवाला मात्र बोलला. वेल म्हातारी म्हणून वाईन चांगली, असं त्याला मान्य नव्हतं, आणि मलाही ते पटतं. जुनी वेल घड कमी धरते, मणी बारीक असतात, रस घट्ट येतो, मुळं दगडाच्या भेगांतून खोल गेल्याने ऑगस्टच्या कोरड्यात ती मान टाकत नाही. हे मी डोळ्यांनी बघते. पण ज्या प्लॉटची वाईन बेताची होती तो पन्नास-साठ वर्षांपूर्वीच कुणीतरी उपटला असणार. राहिले ते चांगले म्हणून राहिले. मग चांगलेपणाचं श्रेय वयाला द्यायचं की जागेला? शिवाय 'व्हिएय व्हीन्य', म्हणजे जुन्या वेली, हे शब्द बाटलीवर छापायला फ्रान्समध्ये वयाची कायदेशीर अट नाही. तिशीतल्या वेलींवरही छापतात. दुकानात या दोन शब्दांसाठी चार युरो जास्त मोजण्याआधी बनवणाऱ्याला वेलींचं वय विचारा. ज्याच्याकडे खऱ्या आहेत तो अर्धा तास सोडणार नाही.

मालकिणीने जेवणाच्या टेबलावरच हिशेब मांडला. मजुरी तासाला अकरा-बारा युरोंच्या वर, म्हणजे एका वेलीला दोन-तीन युरो. मेलेल्या वेलीच्या जागी नवी लावायची तर रोप, खड्डा, पाणी, आणि मोर्गाँ म्हणून विकता येईल असं पीक तिसऱ्या वर्षी. त्यातही मोठ्या वेलींच्या सावलीत निम्मी रोपं दबून जातात. "उपटायचं पुढच्या पिढीने ठरवावं," ती म्हणाली. म्हातारबाबा म्हणाले, "पुढची पिढी म्हणजे तूच." ती हसली नाही.

पुढच्या वसंतात ऑपरेशन केलेल्या बहुतेक वेली फुटल्या. काही फुटल्या नाहीत, त्या नोव्हेंबरमध्ये काढून नवीन रोपं लावली. खिडक्या पडलेल्या वेलींवर त्या वर्षी घड मोजकेच आले, पण पानं स्वच्छ होती, आणि त्यांचा माल बाकीच्यांबरोबर एकाच टाकीत गेला.

लेबलचा प्रश्न आला तेव्हा बापलेकीत जुंपली. प्लॉटमधल्या बऱ्याच वेली मधल्या काळात बदललेल्या, मग जुन्या वेली कसं छापायचं, हे तिचं म्हणणं. त्या आपण लावल्या म्हणजे काय तरुण राहिल्या का, हे त्यांचं. शेवटी फक्त टेकडीचं नाव छापलं. आणि लोआरवाल्याला यंदाच्या जुलैसाठी पुन्हा बोलावलंय, खालच्या प्लॉटसाठी, या वेळी दोन दिवस.