बॉन्ड संपल्यावर काय?

माझी लेक सध्या गडचिरोलीच्या दक्षिण टोकाला एका प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे. सरकारी कॉलेजातून एमबीबीएस केलं की एक वर्ष सरकारी सेवा, नाहीतर 10 लाख दंड, असा तिचा बॉन्ड. नागपूरला धंतोलीत दवाखाना असलेल्या आमच्याच एका नातेवाइकाने सुचवलं होतं, "पैसे भरून टाका अन् पोट्टीला घरी ठेवा."

आता तेच लोक तिच्या त्यागाचं कौतुक करतात. लगेच हेमलकसा निघतं, 1973 पासूनचं लोकबिरादरीचं काम निघतं. मला त्या माणसांबद्दल आदरच आहे. पण दर आरोग्य केंद्राला एकेक आमटे कुठून आणणार? तिथं पंचविशीतली साधी पोरं-पोरी जातात. त्यांना आंघोळीला पाणी लागतं, दाराला धड कडी लागते.

आदिवासी भागात 20,000 लोकांमागे एक आरोग्य केंद्र, असा निकष आहे. हिच्याकडे डॉक्टरची दुसरी जागा रिकामी, म्हणजे रात्रपाळीही हिचीच. पावसाळ्यात मण्यार चावलेला एक मुलगा आला. चावल्याची खूण धड दिसत नव्हती, पण पापण्या मिटत चालल्या होत्या. नाल्याला पूर, त्यामुळे गाडी पुढं जाणं शक्य नाही. तिनं सर्पविषावरच्या इंजेक्शनच्या 10 बाटल्या सुरू केल्या आणि नागपूरच्या तिच्या जुन्या सरांना फोन लावला. सर पहाटेपर्यंत जागे होते. श्वास कमी पडायला लागला तेव्हा ती आणि सिस्टर आळीपाळीनं हातानं श्वास देणारी अंबू बॅग दाबत राहिल्या. पोरगा वाचला.

नंतर ती म्हणाली, "आई, सरांनी फोन उचलला नसता ना, तर मी दुसऱ्या दिवशीच बॅग भरली असती."

ती पीजीचा, म्हणजे पदव्युत्तर प्रवेशाचा, अभ्यासही करतेय. सरकारी सेवेतल्या डॉक्टरांसाठी पीजीच्या जागा राखून ठेवायला राज्यांना मोकळीक आहे, हे सुप्रीम कोर्टानं 2020 मध्येच सांगितलंय. त्या आशेवर काहीजण टिकतातही. पण दिवसभर ओपीडी आणि रात्री बाळंतपण, मग पुस्तक उघडायचं कधी? (आमच्याकडची पोरं वर्षभर लायब्ररीत बसून असतात.)

बॉन्ड उन्हाळ्यात संपतो. राहशील का, असं परवा विचारलं. म्हणाली, "दुसरा डॉक्टर येतो का बघते. अन् क्वार्टरच्या टाकीचं काय होतं तेही."