रिम रॉक ड्राइव्ह: चढाचे टप्पे खडकांवरून

अमेरिकेतल्या कोलोरॅडो नॅशनल मॉन्युमेंट या संरक्षित दऱ्याखोऱ्यांतला हा घाट या हंगामातही सायकलच्या सरावाला धरलाय, तोही पश्चिमेच्या फ्रूटा गावाच्या बाजूने. पश्चिमेच्या गेटापासून व्हिजिटर सेंटर जेमतेम साडेसहा किलोमीटर, चढ सरासरी ५ टक्क्यांच्या आसपास. आकडा ऐकून कुणी घाबरणार नाही. पण सावली नाही, आणि पायांना दम खायला सपाटीही फारशी नाही.

सध्याचा प्रयोग असा, की पॉवर मीटरचा, म्हणजे पायांचा जोर मोजणाऱ्या यंत्राचा, आकडा झाकून ठेवायचा आणि खडक बघून जोर ठरवायचा. दऱ्यांच्या तळाशी काळपट खडक दिसतो, तो सुमारे १७० कोटी वर्षांपूर्वीचा. त्याच्या थेट डोक्यावर चिनली नावाचा विटकरी थर. मधल्या शंभराहून जास्त कोटी वर्षांची नोंदच गायब! इथवर गप्पा मारता येतील एवढाच वेग. मग विंगेट या वाळूच्या खडकाचे उभे कडे, लागोपाठ वळणं आणि दोन बोगदे. इथे उभं राहून पायडल मारायचा मोह होतो, पण मी सॅडल सोडत नाही, सगळ्यात हलका गिअर टाकतो आणि कॅडन्स, म्हणजे पायडल फिरवण्याची गती, पडू देत नाही. विंगेट म्हणजे प्राचीन वाळवंटातल्या वाळूच्या टेकड्या. कड्यावर तिरप्या रेघा एकमेकींना कापत जातात, वारा कुठून वाहायचा ते त्यांवरून कळतं. त्यावर काएंटा नावाचा टणक थर आला, की जोर वाढवायला हरकत नाही. पूर्वी दुसऱ्या बोगद्यानंतर माझे पाय संपायचे, आता तिथून पुढे वेग वाढतो.

बोगद्यांसाठी पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा सक्तीचा आहे, दिवसाढवळ्याही.

डायनासोरच्या हाडांचा मॉरिसन थर साधारण १५ कोटी वर्षांचा, म्हणजे विंगेटपेक्षा तरुण. तो वर असायला हवा, आणि पठाराच्या वरच्या उतारांवर आहेही. पण प्रसिद्ध हाडं सापडली ती पायथ्याच्या टेकड्यांत. पठार उचललं गेलं तेव्हा कडेचे थर वाकले, काही ठिकाणी तुटले, आणि नदीकडची बाजू खालीच राहिली. त्यामुळे या घाटात सायकल वर चढते आणि काळ आधी मागे जातो.

१९०० साली शिकागोच्या संग्रहालयाचे एल्मर रिग्ज इथे आले, ते इथल्याच एका दंतवैद्याने कळवल्यावरून. त्या वर्षी मिळालेल्या डायनासोरच्या सांगाड्याला त्यांनी १९०३ मध्ये ब्रॅकियोसॉरस हे नाव दिलं. १९०१ मध्ये फ्रूटाजवळच्या डायनासोर हिलमध्ये बोगदा खणून त्यांनी दुसरा डायनासोर, अ‍ॅपॅटोसॉरस बाहेर काढला. उतरल्यावर पाय मोकळे करायला त्या टेकडीची छोटी पायवाट उत्तम. फक्त क्लीटचे (पायडलला अडकणारे) बूट बदला.

आता पूर्वेच्या गेटापर्यंतचा अख्खा ३७ किलोमीटरचा पल्ला. सर्वोच्च बिंदू २,०२४ मीटर, म्हणजे व्हिजिटर सेंटरनंतरही चढ बाकी आहेच. पाणी तिथेच भरून घ्यायचं, पुढे वाटेत मिळत नाही. तिसरी बाटली कुठे अडकवायची, एवढंच ठरायचं आहे.